डाव्या तीराचा नमुना

एक निळा शर्ट दोरीवर वाळतो आहे. पाठीवर, खांद्याच्या जरा खाली, पिवळट डाग. जावेनं साबण बदलून पाहिले, लिंबू चोळलं, उन्हात उलटासुलटा वाळवला. डाग हटत नाही. कसला आहे, हे घरात कुणालाच आठवत नाही.

फ्रिजवर प्लास्टरची कमान. वीतभर उंच, वरच्या कडेला पापडाइतकी पातळ. घरी येणारा प्रत्येक पाहुणा विचारतो, ही साबणदाणी का?

लाकडाचा ठोकळा, मुठीत मावेल एवढा. त्यावर पेन्सिलीनं लिहिलेला खोलीचा आकडा.

शाळेतला वर्गाचा फोटो. फोटोग्राफर म्हणाला होता, "सरका, जवळ जवळ सरका."

दातांच्या दवाखान्यातली पाटी: दुखत नाही म्हणजे बरं आहे, असं समजू नये.

आणि नसलेली पायरी.

सांगायला सुरुवात या पायरीपासूनच करायला हवी, कारण दिवस तिथून सुरू झाला. ती सकाळी जिना उतरत होती. खांद्याला पिशवी, डोक्यात अर्धवट विचार, आणि आपण तळमजल्यावर पोचलो आहोत हे पायाला कळलंच नाही. पायाला वाटलं, अजून एक पायरी आहे. पाय ऐटीत खाली गेला, फरशी आधीच आली, आणि टाचेतून निघालेला हादरा गुडघा, कंबर, पाठ अशी एकेक ठाणी घेत जबड्यात येऊन थांबला. दातांवर दात आपटले. बाकी काही नाही. इतकी वर्षं हाच जिना, याच पायऱ्या, कठड्याला तोच गुळगुळीत झालेला भाग जिथं सगळ्या बिऱ्हाडांचे हात घासतात. आणि आज पायानं मनानंच एक पायरी जास्तीची रचली. वरून नवऱ्याचा आवाज आला, "काय झालं गं?" "काही नाही. पायरी नव्हती." "कुठली?" "जी नव्हती ती." नवरा दातांचा डॉक्टर. तो कठड्यावरून वाकून म्हणाला, "जीभबीभ चावली नाहीस ना? काही लागलं तर सांग, डॉक्टर ओळखीचा आहे." ती हसली, आणि हसत हसतच बसथांब्यापर्यंत गेली. पण हादरा गेला नाही. तो जबड्याच्या कोपऱ्यात बसून राहिला, एखादा पाहुणा दारातच चपला न काढता घुटमळावा तसा.

बसमध्ये खिडकी मिळाली. ती धरण खात्यात खडक तपासायची, आणि आजचा दिवस तसा सोपा होता. कचेरीत जायचं, शेडमध्ये मांडलेल्या डाव्या तीरावरच्या दगडांच्या पेट्या एकदा डोळ्यांखालून घालायच्या, आणि दुपारच्या बैठकीत सही करायची. नदीच्या दोन्ही तीरांचा खडक नव्या धरणाच्या कमानीचा भार घेईल, एवढ्याच अर्थाची सही. उजव्या तीराबद्दल शंका नव्हतीच. तो तिनं स्वतः हातोड्यानं ठोकून पाहिला होता, घंटेसारखा वाजला होता. डाव्या तीरावरची भोकं पाडून झाली तेव्हा ती आजारी होती. त्या पेट्यांचे नुसते फोटो आले होते, आणि फोटोंत सगळं इतकं भरगच्च दिसत होतं की मोठ्या साहेबांनी ते खुर्चीमागं भिंतीवर लावून टाकले होते.

कमान दिराची. म्हणजे धरण खात्याचं, पाणी नदीचं, पण कमान त्याची. तो वरच्या मजल्यावर राहायचा, घराच्याही आणि कचेरीच्याही. घरात जिना चढलं की भाऊजी, कचेरीत जिना चढलं की संकल्पन विभागाचे प्रमुख. आयुष्यभर त्यानं मातीची धरणं आखली होती. "ढीग," तो म्हणायचा, "सरकारमान्य ढीग." साधं धरण पाण्यापुढं आपल्या वजनावर ठाण मांडून बसतं. कमानीचं तसं नसतं. ते पातळ असतं, पाण्याकडे पाठ फुगवून उभं राहतं, आणि पाण्याचा सगळा रेटा दोन्ही तीरांच्या अंगावर टाकून मोकळं होतं. एकदा तिच्या स्वयंपाकघराच्या दारात त्यानं दोन्ही हात चौकटीला लावून, पाठीचा बाक काढून तिला ते दाखवलं होतं. "ढकला, वहिनी." तिनं ढकललं. तो हलला नाही. "बघा. माणूस किरकोळ असला तरी चालतो. चौकट पक्की हवी, एवढंच." मागून जाऊ म्हणाली, "चौकट सोडा आता, मला दूध आणायचंय." पुढच्या वर्षी तो निवृत्त होणार होता. एक तरी कमान, तो म्हणायचा. हे तो इतक्या हलक्या आवाजात म्हणायचा की ऐकणाऱ्याला आपण चोरून ऐकल्यासारखं वाटे. प्लास्टरची कमान त्यानं घरीच केली, जावेच्या कणकेच्या परातीत. आणि वरच्या फ्रिजवर जागा नव्हती म्हणून ती खाली, तिच्या फ्रिजवर आली. रोज सकाळी दुधाची पिशवी काढताना तिच्या डोळ्यांसमोर ती कमान असायची. खरं तर ती जागा तिलाही आवडली होती. रुंद दरी चालत चालत येते आणि एकदम कुणीतरी कंबरपट्टा आवळावा तशी अरुंद होते. नदी तिथं जराशी उजवीकडे वळते. दोन्ही बाजूंना करडा वालुकाश्म, थरावर थर, इस्त्री करून रचल्यासारखा. अशी जागा बघितली की धरण बांधणाऱ्या माणसाचे हात शिवशिवतात, आणि जिचं काम शंका घेण्याचं आहे अशा बाईलासुद्धा वाटतं, आज नको शंका.

शेड तिला फार प्रिय. पत्र्याचं छप्पर, खाली सिमेंटची जमीन, आणि लांबच लांब लाकडी पेट्या, प्रत्येकीत कप्पे, कप्प्यांत दगडाच्या कांड्या. जमिनीत पोकळ नळी फिरवत घालायची, आत दगडाचा दंडगोल शिरतो, तो वर काढायचा, ज्या क्रमानं आला त्या क्रमानं पेटीत ठेवायचा. वरचं वर, खालचं खाली. माणूस पुस्तक वाचतो तशी ती डावीकडून उजवीकडे डोंगर वाचायची. कांड्या ओल्या केल्या की रंग उजळतात, म्हणून तिच्याकडे बादली आणि जुनं मऊ फडकं असायचं, आणि दगड पुसताना तिच्या तोंडावर जो भाव येई त्याबद्दल नवरा म्हणायचा की आमच्या मुलांना न्हाऊ घालतानासुद्धा ही एवढी रमली नव्हती. तिनं पहिली पेटी पुसली. दुसरी पुसली. सगळं सुरेख. कांडीला कांडी लागलेली, कुठं फट नाही, कुठं तूट नाही. शेवटच्या कप्प्यात थोडी जागा उरली होती, तिथं गोणपाटाचा बोळा कोंबला होता, ट्रकमध्ये दगड हलू नयेत म्हणून. ती पुसत राहिली आणि जबड्यातला तो पाहुणा उठून उभा राहिला. इतकं भरलेलं कसं? कुठल्याही डोंगरातून इतकं भरलेलं येत नाही. डोंगर म्हणजे काही दुकानातली मांडणी नव्हे. कुठं चुरा होतो, कुठं मऊ भाग नळीतल्या पाण्याबरोबर वाहून जातो, आणि जे वर आलं नाही त्याच्या जागी तेवढाच लाकडी ठोकळा ठेवायचा असतो, इथं काही मिळालं नाही हे सांगायला. तिच्या धंद्यात लाकडाला दगडाइतकाच मान. इथं एकही ठोकळा नव्हता.

वर्गाचा तो फोटो तिला उगीच आठवला, किंवा उगीच नव्हे. त्या दिवशी ती तापानं फणफणून घरी होती. आठवड्यानं फोटो हातात आला तेव्हा तिनं आधी आपली जागा शोधली, मधली रांग, खिडकीकडून चौथी. तिथं फट असेल असं तिला वाटलं होतं. निदान एका अंगाएवढी. पण सगळ्या जवळ सरकल्या होत्या, खांद्याला खांदा, हसऱ्या, आणि ती नव्हती हे सांगणारं त्या फोटोत काही नव्हतं. आई म्हणाली, "बरं झालं, फोटो छान भरून आलाय." ती त्या रात्री रडली, तापापेक्षा फोटोनं. नंतर ते विसरलीही. पण कुणी "जवळ सरका" म्हटलं की तिला अजून चुकल्याचुकल्यासारखं होतं, आणि घरच्या फोटोत ती सगळ्यांना मुद्दाम लांब लांब उभं करते. त्यामुळे त्यांच्या घरचे फोटो भांडण झालेल्या कुटुंबासारखे दिसतात.

तिनं कांड्या एकेक करून उचलायला सुरुवात केली. मोडलेल्या दगडाची दोन टोकं एकमेकांना ओळखतात. एकीला खाच तर दुसरीला कंगोरा, जुळवली की टचकन बसतात. ही बसली, ही बसली, ही बसली. आणि मग एक जोडी बसेना. दोन्ही टोकं गोल, गुळगुळीत, चघळलेल्या गोळीसारखी. मधलं काहीतरी निघून गेल्यावर नळीत एकमेकींवर फिरत राहिलेल्या कांड्या अशा होतात. टोकाच्या एका खळग्यात नखाएवढा पिवळा लेप होता. तिनं तो नखानं काढला आणि समोरच्या दातांत धरला. हे तिला तिच्या पहिल्या साहेबांनी शिकवलं होतं: करकरलं तर गाळ, नाही करकरलं तर चिकणमाती. नवऱ्यानं लग्न झाल्या वर्षी हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तो खुर्चीत मटकन बसला होता. लेप करकरला नाही. लोण्यासारखा दातांवर पसरला.

ड्रिलवाला मिस्त्री ट्रकबरोबर आला होता आणि शेडच्या दारात मोठ्या साहेबांची वाट बघत, केस विंचरून, इस्त्रीच्या कपड्यांत उभा होता.

"मिस्त्री, ठोकळे कुठं गेले?"

"कसे दिसतायत बाई? एकदम टापटीप ना?" तो खुशीत पुढं आला. "मधे मधे फटी होत्या. दात पडलेल्या तोंडासारखं दिसत होतं. साहेब येणार, फोटो निघणार, म्हणून पोरांना म्हटलं, सगळं जवळ सरकवून घ्या."

"आणि ठोकळे?"

"टाकले नाहीत हो. आहेत, ट्रकमध्ये, डब्यात. चांगलं लाकूड आहे." मग तिच्या चेहऱ्याकडे बघून त्याचा कंगवा खिशात गेला. "चुकलं का काही?"

"ड्रिलचं पाणी कसं येत होतं त्या खोलीला?"

"पिवळं. एकदम पिवळं, हळदीसारखं. मग खाली गेल्यावर परत स्वच्छ. तिन्ही भोकांत तसंच."

ती त्याला रागवली नाही. राग येण्याआधीच तिला आपण फार नीटनेटक्या, आतिथ्यशील लोकांच्या देशात काम करतो असं वाटून हसू आलं, आणि तिनं ठोकळे मागवले. ठोकळे आले. प्रत्येकावर खोली लिहिलेली. दोघांनी मिळून तिन्ही भोकांच्या कांड्या सरकवून जागा मोकळ्या केल्या, ठोकळे आपापल्या जागी बसवले, मग तिनं भिंतीवर खडूनं भोकाला एक अशा तीन उभ्या रेघा काढल्या, ठोकळ्यांच्या खोलीवर तीन खिळे ठोकायला लावले आणि दोरा बांधला. दोरा सरळ उतरला. डोंगरातून खाली, नदीकडे, जिन्याच्या कठड्यासारखा. वीतभर जाडीची चिकणमाती, डाव्या तीराच्या सबंध खांद्याखालून. वर कितीही सुरेख वालुकाश्म रचलेला असो. कमानीनं रेटलं की तो सगळा खांदा साबणाच्या वडीवर बसल्यासारखा नदीत उतरणार. आणि नदी तिथं उजवीकडे का वळली, याचं उत्तरही बहुधा हेच: डावा तीर पूर्वी कधीतरी असाच थोडा पुढं सरकून बसला असेल, आणि नदीनं निमूट वाट बदलली असेल. दरी तिथं अरुंद होती ती त्यामुळे. जी गोष्ट बघून सगळे भाळले होते तीच.

आता भाऊजींना सांगायचं. तिनं मनात तीन प्रकारे सांगून पाहिलं. पहिल्यात तो चिडला, म्हणाला, वीतभर मातीसाठी? दुसऱ्यात तो उठून निघून गेला आणि घरी जिन्यावरून त्याची पावलं महिनाभर जड ऐकू आली. तिसऱ्यात तिनं सांगितलंच नाही, सही केली, संध्याकाळी दूध आणलं, फ्रिज उघडला, कमान समोर. धरण झालं, भरलं, वरच्या मजल्यावर पार्टी झाली. आणि एका पहाटे, ती झोपेत असताना, तिचा पाय नसलेल्या पायरीवर पडला. हा तिसरा प्रकार तिला इतका स्पष्ट दिसला की ती शेडमध्ये भिंतीला हात टेकून उभी राहिली. भिंत पक्की होती. बरं वाटलं.

दीर स्वतःच खाली आला, हातात दोघांचे डबे.

"वहिनी, झाली सही?"

"बसा भाऊजी."

"बसा म्हणालात की मला दवाखाना आठवतो. दादा पेशंटला असंच म्हणतो आणि मग पक्कड काढतो."

तिनं त्याच्या हातात त्या दोन कांड्या दिल्या. तो उलट्या ठेवलेल्या पेटीवर बसला, टोकाला टोक लावलं, फिरवलं. जात्यासारखी घरघर झाली. त्यानं पुन्हा फिरवलं. मग भिंतीवरच्या दोऱ्याकडे बघितलं.

"या दोघांचं जमत नाही," तो म्हणाला.

"मधे कुणीतरी होतं."

"केवढं?"

तिनं वीत पसरून दाखवली.

"एवढंच? मग खरवडून काढू की. आत बोगदे मारायचे, माती काढायची, काँक्रीट भरायचं. दादा दाढेत भरतो तसं."

"सकाळपासून मी तेच करून बघतेय मनात. वरचं निघेल. पण ती नदीच्या तळाखाली गेलीय, आणि पलीकडे कुठवर, कोण जाणे. किती खरवडाल?"

 पत्र्यावर कावळ्याच्या नख्या वाजल्या, थांबल्या. मिस्त्री दारातून अदृश्य झाला होता. मग दिरानं कांड्या जपून, क्रमानं, कप्प्यात ठेवल्या आणि त्यांच्यामधे ठोकळा बसवला.

"कमान मी नीट केली होती ना, वहिनी?"

 "कमानीत काही खोट नाही भाऊजी. चौकट—"

"हं. चौकट." त्यानं डब्याचं झाकण उघडलं, आत पाहिलं, परत लावलं. "मोठ्या साहेबांना तुम्ही सांगणार की मी?"

"सही माझी आहे."

"मग मी शेजारी बसून दुःखी चेहरा करतो. तो तयारच आहे."

बैठकीची खोली. लांबट टेबल, पाण्याचे ग्लास, मोठ्या साहेबांच्या मागं भिंतीवर ते भरगच्च फोटो. तिनं पिशवीतून ठोकळा काढून टेबलावर ठेवला.

"हे काय?"

"डाव्या तीराचा नमुना, साहेब."

"हे लाकूड आहे."

"हो. त्या जागी दगड आलाच नाही. एवढंच हाती आहे."

मग तिनं दोरा सांगितला, माती सांगितली, रेटा सांगितला. साहेबांनी ठोकळा उचलला, उलटा केला, जणू खाली किंमत लिहिलेली असेल. म्हणाले, दरी इतकी अरुंद, खडक इतका देखणा, निसर्गानं जागा आखून हातात दिली आहे, आणि बाई, तुम्ही हातभर मातीसाठी—

"हातभर नाही, साहेब," दीर म्हणाला, "वीतभर." आणि त्यानं आपला कमानीचा मोठा नकाशा ओढून घेतला, पालथा केला, आणि मागच्या कोऱ्या बाजूवर पेन्सिलीनं एक लांबलचक, बुटकी, दोन्हीकडे उतरत गेलेली रेघ काढली. नदीच्या थोडं वरच्या अंगाला, जिथं दरी पसरट आहे आणि तीर साधेसुधे आहेत, तिथं मातीचं धरण. खाली खंदक, जिथं चिकणमाती वर येते तिथं ती कापणारा. पोटात पाणी अडवणारी घट्ट माती, अंगावर दगडांचा थर. सांडवा उजव्या तीरावर, घंटेसारख्या वाजणाऱ्या खडकात. "हे दबलं तर दबतं, तडकत नाही," तो म्हणाला. "स्वतःला सावरून घेतं. कुणाच्या खांद्यावर रेलत नाही." रेघ तो न थांबता काढत होता. तिनं पाहिलं, त्याचा हात त्या रेघेत घरी आल्यासारखा सैल झाला होता. आयुष्यभर ज्याला ढीग म्हणून हिणवलं, ते त्याला झोपेतसुद्धा आखता येत होतं. साहेबांनी ठोकळा शेवटपर्यंत हातातून सोडला नाही, पण सही झाली. तिचीच, पण दुसऱ्या वाक्याखाली.

घरी परतताना ते एकाच बसनं आले, एरवी तो स्कूटरवर येतो.  उतरताना तो म्हणाला, "मला वाटत होतं, वाईट वाटेल. वाटतंयही. पण भूक लागलीय." संध्याकाळी सगळे खालीच जेवायला बसले. नवऱ्यानं सगळं ऐकून घेतलं आणि पहिला प्रश्न विचारला, "परत माती चाखलीस ना?" "चाखली." "उद्या दवाखान्यात ये." दीर जावेला नवीन धरण समजावून सांगत होता, म्हणत होता, पोटभर जेवून आडव्या झालेल्या माणसासारखं असतं ते, कितीही ढकल, उठत नाही. जाऊ म्हणाली, "म्हणजे तुमच्यासारखं. मग इतकी वर्षं कशाला त्या सडपातळ बाईच्या मागं लागला होता?" सगळे हसले, तोही, सगळ्यांपेक्षा जरा जास्त वेळ. मग जावेनं फ्रिजवरची कमान उचलली. "आता तरी हिची साबणदाणी करू का?"

"कर," दीर म्हणाला. "पण जपून धर. तिचा डावा खांदा कच्चा आहे."

कमान मोरीच्या कट्ट्यावर गेली. साबण तिच्यात नेमका बसला. जेवणं झाल्यावर ती कचऱ्याची बादली घेऊन खाली निघाली. शेवटच्या पायरीवर ती क्षणभर थांबली, मग पाय टाकला. फरशी होती. जिथं असायला हवी तिथं, थंड, सपाट, आणि जबड्यात आता कुणी नव्हतं. ती तिथं विनाकारण उभी राहिली. वरून भांडी आपटल्याचे, नळाचे, दिराच्या खोकल्याचे आवाज येत होते, आणि एवढं सगळं आपल्या डोक्यावर, मजल्यावर मजला, नीट उभं आहे याचं तिला फार समाधान वाटलं.

पहिल्या पाहणीच्या दिवशी, भर उन्हाळ्यात, दीर डाव्या तीरावरच्या खडकाला पाठ टेकून जेवायला बसला होता, आणि उठला तेव्हा त्याचा निळा शर्ट पाठीवर ओला आणि पिवळा झाला होता.